डावीकडची सवारी

हे ऐकीव नाही. हे आमच्या घरात घडलेलं आहे.

ज्यांना खोटं वाटेल त्यांनी वाचून सोडून द्यावं. मला कुणाला पटवायचं नाही. फक्त कुणाला तरी सांगायचं आहे, कारण घरात आता यावर कुणी बोलत नाही.

भुताच्या गोष्टीत रात्र असते, ओसाड रस्ता असतो. माझ्या गोष्टीत यातलं काहीच नाही. यात चैत्रातली दुपार आहे. वाशीमहून मंगरूळपीरकडे जाणारा वाहता रस्ता आहे. आणि एक पांढरी इलेक्ट्रिक टॅक्सी आहे.

ऊन असं की डांबर पाण्यासारखं चमकत होतं.

एवढ्या उजेडात कुणाला भीती वाटते का?

मला वाटली. अजून वाटते.

मी नमन. वाशीमला आमचं भांड्यांचं दुकान आहे. घरात पप्पा, ज्ञानचंद. मम्मी, तारामती. आणि मी. माझी मोठी बहीण खुशबू हिचं लग्न पुण्यात झालं. जिजाजींचं नाव संयम. पुण्यात त्यांच्या चार-पाच टॅक्सी चालतात, सगळ्या इलेक्ट्रिक.

या चैत्राच्या आधीच्या दिवाळीनंतर ताई गेली.

ताप आला होता, घरीच झोपेत गेली, असं आम्हाला फोनवर सांगण्यात आलं. आम्ही पुण्याला पोहोचलो तेव्हा सगळी तयारी करून ठेवलेली होती. मम्मीला लेकीचा चेहरासुद्धा धड पाहू दिला नाही. उशीर होतोय, उशीर होतोय, एवढंच सगळे म्हणत होते.

नंतर होळी झाली आणि जिजाजींचा फोन आला.

"नमन, तुझ्यासाठी एक गाडी पाठवतो. पुण्यात आता लोक इलेक्ट्रिकच मागतात. डिझेलची गाडी समोर आली की तोंड वाकडं करतात. आवाज नको, वास नको, गचके नकोत. गाडी थंड पाहिजे, स्वच्छ पाहिजे, ड्रायव्हरनं बडबड करायला नको. मागं बसून निवांत फोनवर बोलता आलं पाहिजे, डुलकी काढता आली पाहिजे. शहरात आज जे आवडतं ते तुमच्याकडे उद्या आवडणार. पोहरादेवी, शिरपूर, किती भाविक येतात. चालव तिकडं."

"एवढी मागणी आहे तर तुम्ही काहून देता?" मी विचारलं.

"घरचे आहात म्हणून."

मला बरं वाटलं. ताई गेल्यावरही जिजाजींनी आम्हाला घरचे म्हटलं, याचंच बरं वाटलं.

पप्पांना सांगितलं. ते तांब्याची एक कळशी पुसत होते. बराच वेळ पुसत राहिले. मग म्हणाले, "नंबर काय आहे गाडीचा?"

मी सांगितला.

"येऊ दे," एवढंच म्हणाले.

गाडी आली. घरामागच्या शेडमध्ये चार्जिंगची सोय केली. लखन नावाचा ओळखीचा पोरगा ड्रायव्हर म्हणून ठेवला. त्याचं घर शेतकऱ्याचं. चार वर्षं जीप चालवलेली, हात एकदम साफ.

पहिले काही दिवस मजेत गेले. लोक मुद्दाम बघायला यायचे. चालू आहे की बंद, तेच कळत नाही म्हणायचे. शेडमधून निघून फाटकापर्यंत आली तरी आत मम्मीला पत्ता लागायचा नाही.

मला अजून एक गाडी घ्यायची होती. म्हणून प्रवास झाला की मी स्वतः सवारीला फोन करायचो. गाडी कशी वाटली, काय आवडलं, काय नाही आवडलं.

पहिला फोन मानोऱ्याच्या एका निवृत्त मास्तरांना केला. ते नवरा-बायको आमच्या गाडीनं गेले होते.

"झकास गाडी," मास्तर म्हणाले. "आवाजच नाही. बायको तर घोरायला लागली. फक्त एक सांगतो, राग मानू नका. शेअरिंग होतं तर आधी सांगायचं."

"शेअरिंग? सर, गाडी फक्त तुमच्यासाठी होती."

"मग ती मुलगी कोण होती?"

"कोणती मुलगी?"

"मागं डावीकडं बसलेली. एवढ्या गरमीत शाल घेतली होती. आम्ही उतरलो तरी ती बसूनच होती."

मी लखनला विचारलं. तो शपथेवर म्हणाला, "नमनभाऊ, दोघंच होते. मी काय आंधळा हाय का?"

म्हातारा माणूस, उन्हानं काहीतरी झालं असेल, म्हणून मी सोडून दिलं.

मग दुसरा फोन. मंगरूळपीरची एक बाई. "गाडी छान. पण ती सोबतची बोलत का नाही?"

मग तिसरा. "गाडी हीच पाठवा, पण मागं कुणाला बसवू नका."

नंतर नंतर लोक सरळ विचारू लागले... दुसरी गाडी नाही का तुमच्याकडे?

एका दुपारी लखन दुकानात आला. चेहरा उतरलेला.

"भाऊ, मांगं कोनी बसलं अन् पट्टा नाई लावला, की गाडी टुंग टुंग वाजते. बरोबर ना?"

"हो."

"मंग कोनी नसल्यावर काहून वाजते?"

"सेन्सर खराब असेल."

"मीबी तेच म्हनलं. पन कदी कदी वाजता वाजता बंद होते. अन् बंद व्हायच्या आंदी... पट्टा लावल्याचा खट् आवाज येते."

मी हसलो. हसू खरं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः गाडीत बसलो. पुढं, लखनच्या शेजारी. मागं कुणी नाही. मंगरूळपीर रस्त्याला लागलो. भर दुपार. समोरून ट्रक, ट्रॅक्टर, मोटारसायकली येत होत्या. सगळं नेहमीसारखं.

गाडीत मात्र काहीच आवाज नव्हता. इंजिन नसलेल्या गाडीत शांतता फार असते. आपला श्वास आपल्याला ऐकू येतो.

माझा श्वास. लखनचा श्वास.

आणि...

मी एसी बंद केला. नीट ऐकलं.

मागून कुणीतरी श्वास घेत होतं. जड. ताप चढलेलं माणूस घेतं तसा.

टुंग... टुंग... टुंग...

मी मागं वळलो. सीट रिकामी. उन्हाचा चौकोन सीटवर पडलेला.

खट्.

आवाज दाराच्या मुठीचा होता. डावीकडच्या. आतून कुणीतरी मूठ ओढत होतं आणि दार उघडत नव्हतं.

खट्... खट्...

लखननं गाडी बाजूला घेतली. मी उतरून ते दार बाहेरून उघडलं. दाराच्या कडेला लहान मुलांसाठी एक छोटा खटका असतो. तो लावला की दार आतून उघडत नाही.

खटका लावलेला होता.

"मी रोज सकाळी काढतो, भाऊ," लखन हळूच म्हणाला. "आजबी काढला होता."

कुणालाही सांगू नकोस, असं मी त्याला बजावलं. पण दोनच दिवसांत त्याची दूरची आजी, कस्तुराबाई, मानोऱ्याहून डोळे दाखवायला वाशीमला आली. लखननंच तिला गाडीत बसवून आणलं. उन्हातून आलेली म्हातारी, म्हणून आमच्या घरी पाणी प्यायला थांबली. मम्मी तिच्याजवळ बसली.

"तुमची पोरगी लय बीमार हाय का वो?" कस्तुराबाईनं विचारलं.

"कोणती पोरगी, आजी?"

"गाडीतली. पुऱ्या रस्त्यानं एकच इचारे. वाशीम आलं का? वाशीम आलं का? शेवटी मी म्हनलं, बाई, हे काय, वाशीमच त आलं. त माह्याकडं पाह्यलं अन् म्हने..." कस्तुराबाईनं पेला खाली ठेवला. "म्हने, खोटं बोलता तुमी सारे."

मम्मी तिच्याजवळ सरकली.

"ओठ पार वाळून गेले होते वो तिचे. मी माह्या बाटलीतलं पानी देलं. घेतलं नाई. म्हने, सूर्य मावळला ना आजी, आता पानी नाई चालत मले." कस्तुराबाईनं बाहेर बोट दाखवलं. "अन् ऊन त असं पडलं होतं!"



आम्ही जैन. आमच्यात काही जण सूर्य मावळल्यावर अन्न घेत नाहीत, पाण्याचा थेंबही घेत नाहीत. आमच्या घरात हा नियम एकटी ताई पाळायची. लग्नाआधीपासून. परीक्षेच्या दिवसांतही तिनं तो मोडला नव्हता.

"खुशबू," मम्मी म्हणाली. मोठ्यानं नाही. कुणाला हाक मारावी तसं.

आतल्या खोलीत पप्पा होते. ते उठले. बाहेर आले आणि आमच्याकडे न बघता, पायात चप्पल न घालता, तापलेल्या रस्त्यावरून दुकानाकडे निघून गेले.

तेव्हा मला एक गोष्ट लक्षात आली. पप्पा त्या गाडीत एकदाही बसले नव्हते. शिरपूरला दर्शनाला जायचं तरी एसटीनं जायचे. मी विचारलं होतं एकदा. म्हणाले होते, "मला एसटीच बरी वाटते. आवाज असतो."

मी जिजाजींना फोन लावला. "या गाडीत काय झालंय?"

"कुठं काय?"

"ताई या गाडीत होती का?"

पलीकडून काहीच आलं नाही. मला वाटलं फोन कटला. मग ते म्हणाले, "नमन, तू गाडी विकून टाक. जरा लांब विक."

आणि फोन खरंच कटला.

रामनवमीला पोहरादेवीला मोठी गर्दी असते. त्या वेळी लखन भाविकांना घेऊन तिथं गेला होता. मी सोबत होतो. गाडी सावलीत लावून आम्ही रसवंतीपाशी उभे होतो. तेवढ्यात एक माणूस गर्दीतून बाहेर आला. आमच्या गाडीसमोर थबकला. नंबर वाचला.

मग तो मागच्या डाव्या काचेजवळ गेला. वाकून आत बघितलं.

आणि त्यानं हात जोडले.

देवापुढं जोडतात तसे नाही. गुन्हा केलेला माणूस जोडतो तसे.

मी धावलो. तोवर तो गर्दीत शिरला होता.

"कोण होता रे?"

"हेमला नाईकाचा धनसिंग," लखन म्हणाला. "मानोऱ्याजवळच्या तांड्यावरचा. पुन्याले टॅक्सी चालवत होता. मांगच्या साली सोडून आला."

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही तांड्यावर गेलो. मोटारसायकलनं. धनसिंग निंबाच्या झाडाखाली बसला होता. आम्हाला पाहून पळाला नाही. खाट झटकली, बसा म्हणाला.

"मले वाटलंच होतं तुमी येसान," तो म्हणाला. "मीच चालवत होतो तवा. साहेबाची गाडी."

मी काही विचारायची गरज पडली नाही. त्यानं आपणहून सांगितलं. मी त्याच्याच शब्दांत लिहितो.

"मॅडमले लय ताप होता. घरात कोनी पाहून नाई राह्यलं. दुपारी त्या एकट्याच खाली आल्या, शाल पांघरून. गाडीत बसल्या. म्हने, धनसिंगदादा, मले वाशीमले सोडता का? मम्मीकडे जाचं हाय. मी म्हनलं, मॅडम, लय लांब हाय, चार्जिंग करत करत जा लागन. त म्हने, चालन. मी बी इकडचाच. मले वाईट वाटलं. निंगालो.

"थोडं बाहेर गेलो अन् साहेबाचा फोन आला. मी खाली उतरून बोललो. साहेब म्हने, वाशीमले न्याचं नाई. तिले तापात काई समजत नाई. बाहेरच्या बाहेर फिरवत राह्य, झोपली का घेऊन ये. अन् तिच्या बाजूचं दार आतून बंद कर, उतरून गेली तर तुह्या अंगावर यीन."

धनसिंग जमिनीकडे बघत बोलत होता.

"गाडीले आवाज नाई भाऊ. मांगच्याले कळतबी नाई कुठी वळली, कुठी थांबली. मी फिरवत राह्यलो. तोच पूल, तोच रस्ता. दिवस मावळला. त्या घडीघडी इचारत, दादा, वाशीम आलं का? मी म्हनो, येऊन राह्यलं, मॅडम. मंग त्यायनं दार उघडून पाह्यलं. उघडलं नाई. मंग रडाले लागल्या. मी घाबरलो. साहेबाले फोन केला. साहेब म्हने, थांब, तिच्या वडलाले सांगतो बोलाले."

"कुणाला?" मी म्हणालो.

"तुमच्या पप्पाले."

निंबाची पानंसुद्धा हलत नव्हती.

"फोन गाडीच्या स्पीकरवर आला. मॅडम म्हने, पप्पा, मी येऊन राह्यली. किती राह्यलं वाशीम? तुमचे पप्पा जरासे थांबले. मंग म्हने... आलंच बेटा. झोप तू. वाशीम आलं की धनसिंग उठवीन तुले."

मी ऐकत होतो.

"त्या शांत झाल्या, भाऊ. बापाचा आवाज आयकला ना. मंग नाई इचारलं पुन्हा. मी गाडी परत घेतली. बिल्डिंगच्या फाटकासमोर थांबवली. मांगं वळून पाह्यलं त डोये उघडे होते. फाटकाकडं पाहून राह्यल्या होत्या. त्यायले कळलं होतं आपन कुठी आलो थे." धनसिंगनं तोंडावरून हात फिरवला. "मी दार उघडलं. पन जीव नोता त्यायच्यात."

त्यानंतर पुण्यात ती गाडी चालली नाही. सवाऱ्या बसायच्या आणि पहिल्या सिग्नललाच उतरून जायच्या. इलेक्ट्रिक पाहिजे म्हणून बुक करायचे, आणि मोबाईलवर हा नंबर आला की रद्द करायचे. धनसिंगनं नोकरी सोडली. जिजाजींनी सीटची कव्हरं बदलली, गाडी धुतली...

आणि आम्हाला पाठवली.

मी सरळ दुकानात गेलो. दुपारी बाजार सुस्तावलेला असतो. पप्पा गादीवर एकटे होते. माझ्याकडे बघितलं आणि त्यांना कळलं.

"त्या फोनच्या दुसऱ्या दिवशी तुला बघायला पाहुणे येणार होते," ते म्हणाले. मी काही विचारलंच नव्हतं. "सासरहून एकटी निघून आलेली मुलगी त्यांनी घरात पाहिली असती तर... मला वाटलं, दोन दिवसांचा प्रश्न आहे. ताप उतरेल. मग मी स्वतः जाऊन आणणार होतो तिला."

"तुम्ही तिला झोप म्हणालात."

"तापात होती ती. समजूत काढायची म्हणून..."

"ती या गाडीत आहे हे माहीत होतं तुम्हाला?"

"संयमनं नंबर सांगितला नव्हता. पण पुण्याला गेलो तेव्हा धनसिंग त्या गाडीपाशी उभा होता. नंबर मी पाहून ठेवला होता. संयम म्हणाला, ही गाडी इथं चालत नाही. मला वाटलं, येऊ दे. तिला घरी यायचं होतं ना."

"मग एकदा तरी बसलात तिच्याजवळ? मम्मीला सांगितलं? रस्त्यावरची अनोळखी माणसं तुम्ही तिच्या शेजारी बसू दिलीत, पप्पा."



जिजाजींचा मला राग आला होता. पण पप्पांबद्दल मला काय वाटलं त्याला शब्द नाही. लहानपणापासून माझ्या जगात एकच माणूस खोटं बोलत नव्हता. ते पप्पा होते. ताईच्याही जगात.

मी मम्मीला सगळं सांगितलं. ती रडली नाही. केस बांधले, पदर खोचला आणि म्हणाली, "गाडी काढ."

लखन तयार नव्हता. मीच चालवली. मम्मी मागं बसली, उजवीकडे. गावाबाहेर मंगरूळपीर रस्त्यावर गेलो आणि तिथून वळून परत वाशीमकडे निघालो.

टुंग... टुंग... टुंग...

"पट्टा लाव, बेटा," मम्मी म्हणाली.

खट्.

आवाज बंद झाला.

मम्मी बोलत राहिली. रिकाम्या सीटकडे बघून. "ही बघ, तुझी शाळा. हा स्टेशनचा रस्ता. इथं तू सायकलवरून पडली होतीस. हे आपलं दुकान." मी आरशात बघितलं नाही. बघायची हिंमत नव्हती. मागून दोन माणसांचे श्वास येत होते.

घरासमोर गाडी थांबवली. उतरलो. डावीकडचं दार बाहेरून पूर्ण उघडलं. उन्हाची झळ आत गेली.

सीट दबलेली होती. कुणी बसलं की दबते तशी.

"उतर, बेटा," मम्मी म्हणाली. "वाशीम आलं."

काहीच झालं नाही.

"मी मम्मी आहे ना. मी सांगते ना. आलं वाशीम. चल घरात."

रस्त्यावरून एक ऑटो गेला. त्याचा आवाज लांब जाईपर्यंत आम्ही तसेच होतो. मग पुन्हा शांतता झाली...

आणि मी तिचा आवाज ऐकला. घसा कोरडा पडलेला. पण ताईचाच.

"पप्पा पण असंच म्हणाले होते."

पप्पा घराच्या दारात उभे होते. त्यांनीही ऐकलं. ते तिथंच पायरीवर खाली बसले.

दार आम्ही संध्याकाळपर्यंत उघडं ठेवलं. कुणी उतरलं नाही.

तेव्हापासून गाडी शेडमध्ये आहे. सवारी घेणं बंद केलं. मम्मी दुपारी जाऊन तिच्याजवळ बसते. दाराचा खटका त्या दिवसानंतर पुन्हा कधी लागलेला दिसला नाही. दार उघडतं. तरी ती उतरत नाही.

मी पोलिसात अर्ज दिला. धनसिंग जबाब द्यायला तयार झाला. पण पप्पा तयार नव्हते. त्या फोनबद्दल ते सांगत नाहीत तोवर धनसिंगच्या एकट्याच्या बोलण्याला काय वजन? जिजाजी म्हणत होते, ड्रायव्हरला काढून टाकला म्हणून खोटं बोलतो. त्यांचं दुसरं लग्नही ठरलं होतं.

भाद्रपदात आमची क्षमावाणी आली. त्या दिवशी लहान-मोठे सगळे एकमेकांची क्षमा मागतात. पप्पा मंदिरातून आले. मम्मीपुढं हात जोडले, माझ्यापुढं जोडले. मी घरात निघून गेलो. मग ते शेडकडे गेले. गाडीत शिरले आणि दार ओढून घेतलं.

मी खिडकीतून बघत होतो. काचेआड त्यांचे ओठ हलत होते. हात जोडलेले होते. मग ओठ थांबले. ते डावीकडे बघत राहिले.

बाहेर आले ते सरळ आपल्या खोलीत गेले. काय झालं, ते त्यांनी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी स्वतःहून पोलीस ठाण्यात गेले आणि सगळा जबाब लिहून दिला. आपण काय बोललो, तेही. आता प्रकरण चालू आहे. जिजाजींचं लग्न मोडलं. पुढं काय होईल, मला माहीत नाही.

आत काय झालं, हे पप्पांनी मला परवा सांगितलं. जेवताना. ताटाकडे बघत.

"मी तिची क्षमा मागितली. सगळं कबूल केलं. ती ऐकत होती. माझ्याकडे बघत होती." त्यांनी घास तसाच ठेवला. "मग म्हणाली... काका, तुम्हाला कुठं उतरायचंय?"

तिनं त्यांना ओळखलं नव्हतं. की ओळखून तसं म्हणाली... ते पप्पांनाही कळलं नाही.

परवापासून मी शेडकडे गेलेलो नाही. मम्मी रोज म्हणते, एकदा तू बस तिच्याजवळ, तुझं ऐकेल ती. मी तिच्यापेक्षा लहान. जन्मभर मला 'नम्या' म्हणायची.

मी रोज उद्या बसतो म्हणतो.

आणि तिनं मला 'अहो दादा' म्हटलं तर...